राखाडी कापूस

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटायला लागली की मला अजूनही कुणाचा ना कुणाचा हेवा वाटायला लागतो. इतरांना त्या दिवसांत थंडीची चाहूल लागते, दिवाळीचे वेध लागतात. माझ्या पोटात दुखायला लागतं. आमच्या वावरात यंदा कितीतरी वर्षांनी पुन्हा दोन एकर कापूस उभा आहे. सोयाबीनने सलग दोन वर्षं दगा दिला म्हणून दिरांनी "पाहू करून एक डाव" म्हणत तो लावला. परवा शाळेत जाताना स्कूटी थांबवून बांधावर उभी राहिले. खालची बोंडं उकलली होती. पानांवर दव होतं. पऱ्हाटीचा तो तुरट वास, त्यात फवारणीचा वास मिसळलेला, नाकात गेला आणि मी सरळ त्या वर्षात जाऊन पडले, ज्या वर्षी मी कॅमेरा घेतला.

मी उंद्रीच्या शाळेत मास्तरीण. घर एकत्र. सासूबाई, आम्ही दोघं, दीर आणि वंदना, म्हणजे माझी धाकटी जाऊ, शिवाय दोघींची पोरं. शेत दीर आणि वंदना पाहायचे, आम्ही दोघं नोकरीवाले. म्हणजे चिखल त्यांच्या पायाला आणि पगार आमच्या हाताला. मला कुणी घालूनपाडून बोलत नसे, पण जेवताना वावराच्या गोष्टी निघाल्या की माझं ताट आपोआप कडेला सरकायचं. पऱ्हाटीच्या कुठल्या तासात, कुठल्या ओळीत तण झालं, कुठल्या कोपऱ्यात बोंडं लवकर फुटली, हे वंदना सांगायची आणि सासूबाई मान डोलवायच्या. माझ्याकडे सांगायला चौथीच्या मुलांचे पाढे होते. आपल्याही हातात काहीतरी असं असावं, जे या घरात दुसऱ्या कुणाला येत नाही, असं मला फार वाटायचं. कॅमेऱ्याचं वेड त्यातून लागलं. छंद वगैरे नंतर.

तो पावसाळा मी कॅमेरा निवडण्यात घालवला. निवडण्यातच, घेण्यात नव्हे. शंभर पानी वही केली होती. डाव्या पानावर एक कॅमेरा, उजव्या पानावर दुसरा. दोन्ही डिजिटल, दोन्ही लेन्स बदलता येणारे आणि दोन्ही आपापल्या कंपनीचे सगळ्यात स्वस्त. एकाचे मेगापिक्सेल जास्त, दुसऱ्याचा पडदा मोठा. एकाची पकड खोल, दुसऱ्याचं अंग हलकं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस.टी.ने चिखलीला जायचं, नेट कॅफेत तासभर बसायचं आणि दूरदेशीच्या लोकांची भांडणं वाचायची, की अमक्या कॅमेऱ्यात कमी उजेडात फोटोवर रवाळ दाणे दिसतात की नाही. वंदना वहीत डोकावून म्हणायची, "ताई, बैलजोडी घ्यालेबी इतले दिवस लागत नाईत." मी वही मिटून घ्यायचे.

माझं माहेर मलकापूरचं. तिथे रफीकभाईंचं फोटोचं दुकान. लग्नांचे फोटो काढण्यात त्यांची उमर गेलेली, माझ्याही लग्नाचे त्यांनीच काढलेले. त्यांच्याकडे मी तीनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी माझी वही आस्थेने पाहिली. दुसऱ्यांदा चहा पाजला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा दुकानात एक तरुण डॉक्टर आले, त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवरच्या, माझ्या वहीच्या एकाही पानावर न मावणाऱ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, "हा द्या" म्हणाले आणि दहा मिनिटांत घेऊन गेलेसुद्धा. हातात धरूनही पाहिला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला त्या कॅमेऱ्याचा तेवढा नाही, त्या दहा मिनिटांचा हेवा वाटला.

रफीकभाईंना ते कळलं असावं. त्यांनी माझे दोन्ही कॅमेरे काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, "मॅडम, वही बंद करा. डोळेबी बंद करा. आता एक-एक हातात घ्या." मी घेतले. हलका कॅमेरा हातात उपरा वाटला. जड कॅमेऱ्याच्या पकडीत माझी बोटं अशी बसली की जणू ती मुठीची जुनी सवय होती. बटण दाबलं, तर आतला आरसा खटकन उठला आणि पडला. झालं, वहीचं काम संपलं.

"काढाचं काय हाय यानं तुमाले?" त्यांनी खोक्यात भरता भरता विचारलं.

"कापूस," मी म्हटलं. "आमच्या वावरातला."

ते हसले. "कापूस तकलीफ देते, मॅडम. कॅमेऱ्याले पांढरं समजत नाई. त्याले थोडं समजवा लागते."

कसं समजवायचं, हे मी विचारायला हवं होतं. पण शंभर पानी वही लिहिलेल्या बाईने दुकानदाराला विचारायचं म्हणजे काय! मी मोठ्या ऐटीत मान हलवली, जणू ते मला ठाऊकच होतं, आणि वेतन आयोगाच्या फरकातून आलेले पैसे मोजून खोकं छातीशी धरून बसमध्ये बसले. मोताळ्याच्या घाटात बस डुलत होती आणि मी त्या खोक्यावर बाळासारखा हात ठेवून होते.

त्या वर्षी गावात सगळीकडे बीटी कपाशीच होती. सरकीच्या, म्हणजे बियाण्याच्या पाकिटांवरची ती टपोरी, पांढरीशुभ्र बोंडं दुकानांच्या भिंतीवर वर्षभर लटकलेली असायची. मला वाटायचं, असा फोटो मी आमच्या पऱ्हाटीचा काढीन आणि सासूबाई तो देवघराशेजारी लावतील.

पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. वावराच्या कडेला पऱ्हाटीच्या बुडाशी सात खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग तो दहीभात पऱ्हाटीवर चहूकडे शिंपडायचा, की कापूस असाच पांढरा, असाच भरपूर येऊ दे. दही वंदनाने विरजलेलं, खडे वंदनाने वेचलेले, पहिलं बोंड वंदनाने तोडलं. मी कॅमेरा गळ्यात अडकवून नवऱ्या मुलाच्या मामासारखी मधेमधे करत होते. पण मला खरंच वाटत होतं, की आज माझा दिवस आहे. शंभरावर फोटो काढले; भर उन्हात पडद्यावर नीट काही दिसत नव्हतं. फुटलेल्या बोंडांवर लेन्स रोखून, चौकट भरून, नुसता कापूस आणि कापूस.

चिखलीला जाऊन फोटो छापून आणले. संध्याकाळी ओसरीवर सगळे जमले. सासूबाईंनी चष्मा लावला, पहिला फोटो दूर धरला, मग जवळ धरला. "हा कोणाच्या वावरातला व?"

"आपल्याच."

"नाई माय. हा तं कवडी कापूस दिसते."

कवडी म्हणजे किडका, डागाळलेला, बाजारात कुणी हात न लावणारा. मी फोटो हातात घेतला. खरंच होतं. दह्यासारखा कापूस माझ्या फोटोत राखेने भांडी घासलेल्या पाण्यासारखा दिसत होता. सगळे फोटो तसेच. वंदना माझी बाजू घ्यायला म्हणाली, "सांजच्या पायरीले काढले असतीन." भर दुपारी काढलेले होते ते, आणि ती तिथेच होती. तिची ती दया मला जास्त झोंबली. मला तो डॉक्टर आठवला. त्याच्या कॅमेऱ्यात कापूस पांढरा येत असणार. स्वस्तातलं घेतलं की असंच व्हायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि त्या अनोळखी माणसावर दोन दिवस जळत राहिले.

वेचणीचे दिवस आठवले की मला आधी हात आठवतात. वंदना दोन्ही हातांनी वेचायची. डावा हात एका पऱ्हाटीवर, उजवा दुसऱ्या पऱ्हाटीवर, नजर तिसरीवर. कमरेला बांधलेली ओटी भरत भरत तिचं पोट सातव्या महिन्यासारखं पुढे यायचं, मग ती ओटी गाठोड्यात रिकामी करायची आणि पुन्हा तासाला लागायची. बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी तिच्या नखांच्या कडा सोललेल्या असायच्या. सुट्टीच्या दिवशी मीही वेचायला जायचे. माझी ओटी अर्धी होईस्तोवर तिची दोनदा रिकामी झालेली असायची, आणि माझ्या कापसात काडीकचरा. ती गुपचूप माझ्या गाठोड्यातला कचरा काढायची. मला ते दिसायचं. मी तिकडे पाठ करायचे.

पहिली वेचणी संपता संपता पऱ्हाटीवर लाल्या रोग आला. पानांच्या कडा आधी तांबूस झाल्या, मग आठवड्याभरात अख्खं वावर लाल. वरची बोंडं सुपारीएवढीच राहिली. आणि मला लाज वाटते, पण खरं सांगते, मला आनंद झाला. राखाडी कापसाने माझी फजिती केली होती. लाल पानं फोटोत फार सुरेख येत होती. मागून ऊन आलं की पानांच्या शिरा पेटल्यासारख्या दिसायच्या. मी गुडघे टेकून एकामागून एक फोटो काढत होते. मान वर केली तर बांधावर दीर उभे.

"वैनी," ते इतकंच म्हणाले, "लाल्याचे नका काढू."

ते चढ्या आवाजात बोलले नव्हते. मी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. त्या दिवशी घरी जेवताना कुणी वावराचं काही बोललंच नाही, आणि पहिल्यांदा मला त्या बोलण्याची आठवण झाली.

दुसरी वेचणी कशीबशी झाली. अर्ध्या वावरातच वेचण्यासारखं होतं. त्या दिवशी रविवार होता म्हणून मीही गेले. दुपारी कडुलिंबाखाली भाकरी खाऊन झाल्यावर वंदना हात धुऊन आली, पदराला पुसून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मले एक डाव काढू द्या ना. तुमी सगळ्याईचे काढता, तुमचा कोणीच काढत नाई."

कॅमेरा द्यायचं माझ्या जिवावर आलं. पण वेचायला आलेल्या चारचौघींत नाही कसं म्हणणार? पट्टा तिच्या गळ्यात घातला, बटण दाखवलं. मी लिंबाच्या सावलीच्या कडेला उभी, मागे उन्हात वावर. तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि मग खाली घेतला. "अशा नका उभ्या राहू, शाळेतल्यासारख्या." मी म्हटलं, "मग कशी उभी राहू?" ती म्हणाली, "थ्या दिवशी कशा पडल्या होत्या तुमी, पांदणीत, दह्याचं गंज घेऊन." सीतादहीच्या दिवशी वाटेत मी घसरून पडले होते खरी, पण दह्याचं भांडं मात्र वर धरलं होतं, थेंब सांडू दिला नव्हता. ते ध्यान आठवून मला हसू फुटलं. आरसा खटकन उठला आणि पडला. एकदाच. तिने कॅमेरा परत केला, पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि ओटी बांधून तासाला लागली.

परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापसाच्या गाठोड्यांवर आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. ऊन कलतं होतं. वंदनाने डोळे मिटले होते. मी कॅमेरा चालू करून दिवसभराचे फोटो पाहू लागले. माझे राखाडी, राखाडी, राखाडी, आणि मग तिचा.

तो फोटो आज माझ्याकडे नाही, म्हणून नीट सांगते. त्यात मी हसत होते. आरशासमोर हसते तशी नाही. डोळ्यांच्या कडांपर्यंत, एका बाजूचा सुळा दाखवत. कपाळावर केसांना कापसाचा एक पुंजका अडकलेला. सावलीतला माझा सावळा चेहरा जसाच्या तसा, ओला, जिवंत. आणि मागे कापूस. पांढरा. दह्यासारखा पांढरा. उरलासुरला कापूस, लाल्याने खाल्लेल्या वावरातला, पण असा उजळलेला की पाकिटावरची बोंडं झक मारतील.

तोच कॅमेरा होता. तीच लेन्स. शंभर पानी वही माझी. तिने आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा हातात धरला होता.

मला काय वाटलं, ते सभ्य शब्दांत सांगता येणार नाही. वावर तिचं, सासूबाईंची मान तिच्यासाठी डोलणार, दोन्ही हात तिचे, आणि आता हेही? कॅमेऱ्यावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं एक बारकं बटण असतं. मी ते दाबलं. कॅमेऱ्याने विचारलं, नक्की पुसायचं का. एवढी सभ्यता त्याच्यात होती. मी पुन्हा दाबलं.

गाव आलं तेव्हा वंदनाने डोळे उघडले. "ताई, थो म्या काढलेला कसा आला?"

"हलला," मी म्हटलं. "हात हलला तुझा."

"हाव?" ती म्हणाली आणि आपल्या हाताकडे पाहून हसली. "गाठोडे उचलू उचलू हालत असन."

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा रफीकभाईंच्या दुकानात जाऊन मी कॅमेऱ्याच्या नावाने खडे फोडले. त्यांनी शांतपणे फोटो पाहिले. म्हणाले, "कॅमेऱ्यात खराबी नाई, मॅडम. त्याले वाटते दुनिया ना गोरी, ना काळी, मधली हाय. तुमी नुसता कापूस दाखवला, तं तो कापसाले मधला करून टाकते. राखेवानी. त्याच्यापुढं माणूस ठेवा. तो माणसाच्या चेहऱ्यावरून उजेड मोजते, मंग मागचा कापूस आपोआप पांढरा येते." मग त्यांनी उजेड कमी-जास्त करायचं बटणही दाखवलं. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर दाखवलं असतं.

मी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून राहिले. वंदनाला बटणं ठाऊक नव्हती. तिला कापूस काढायचाच नव्हता. तिला मी काढायची होते.

पुढच्या वर्षी सगळं वावर सोयाबीनखाली गेलं. कॅमेरा राहिला, शाळेच्या सहली, झेंडावंदन, पोरांची बारशी काढत राहिला. मी बऱ्यापैकी शिकले. लोक मला बोलावू लागले. घरात ते कौतुक मला मिळालं, जे मला हवं होतं. आणि दरवेळी कुणी गंमत म्हणून कॅमेरा वंदनाच्या हातात द्यायला गेलं, की ती दोन्ही हात मागे घ्यायची. "नाई बाप्पा. माहा हात हालते." पुढे घरोघरी फोन आले, शेंबडी पोरंही फोटो काढायला लागली. तिच्या स्वतःच्या लेकाच्या लग्नात हातात कुणी फोन दिला, तर तिने तो तसाच शेजारणीकडे सरकवला. हात हालते. दोन्ही हातांनी दोन पऱ्हाट्या वेचणारी बाई.

गेल्या आठवड्यात माझी लेक सुट्टीला आली होती. तिने जुने फोटो काढले. कापसाच्या त्या वर्षाची पिशवी वेगळी होती. सासूबाई, आता भिंतीवर आहेत त्या, चष्म्यातून दहीभात शिंपडताना. दीर, काळ्या मिशांचे. वंदना, ओटी भरलेली. लेक म्हणाली, "आई, यात तू कुठंच नाहीस."

"तुही आई काढत होती न फोटो," वंदना शेंगा सोलता सोलता म्हणाली. "एक होता तिचा. म्या काढला होता. पण हात हालला माहा."

मी स्वयंपाकघरात निघून गेले.

काल आमच्या दोन एकरांत सीतादही झालं. खडे वंदनानेच मांडले, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू बसत. लेक शहरात परतलेली, दीर ट्रॅक्टरपाशी. तासात आम्ही दोघीच. मी जुना कॅमेरा नेला होता; त्याच्या पकडीवरचं रबर सुटलंय, पण आरसा अजून उठतो. तिच्यासमोर धरून म्हटलं, "वंदे, काढ माझा एक."

"माहा हात हालते, ताई. तुमाले मालूम हाय न."

"नव्हता हलला," मी म्हटलं. "फोटो चांगला होता. मी पुसला. ट्रॉलीत बसल्या बसल्या. जळले मी तुझ्यावर."

ती वेचत राहिली. एक पऱ्हाटी, दुसरी, तिसरी. मला वाटलं, आता ती काहीतरी लागट बोलेल, आणि ते ऐकायची माझी तयारी होती. तासाच्या शेवटी जाऊन ती वळली.

"कापूस कसा आला होता त्याच्यात?"

"पांढरा."

"आन् तुमी?"

"तशी मी पुन्हा कुणाच्याच फोटोत दिसले नाही," मी म्हटलं. "माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा तो चांगला होता."

तिने ओटी सोडून कापूस गाठोड्यात ओतला. हात लुगड्याला पुसले. मग उजवा हात उन्हात समोर धरला, बोटं पसरली, आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. मीही बघत होते. हात हलत नव्हता.